तोडलेल्या सफरचंदाचें आयुष्य



फाल्गुन संपत आला, म्हणजे फळांच्या दुकानांत एक गमतीचा देखावा दिसूं लागतो. एकीकडे हापुसाच्या पहिल्या पेट्या उघडत असतात आणि त्यांच्या शेजारींच लालभडक सफरचंदें ओळीनें मांडलेलीं असतात. त्या वेळीं हिमालयांत सफरचंदाच्या झाडावर फळ तर नसतेंच, पण धड पानहि नसतें. मग हीं फळें येतात कोठून? कांहीं न्यूझीलंड, चिली, दक्षिण आफ्रिका अशा दक्षिण गोलार्धांतील देशांतून येतात. तेथील ऋतु आपल्या उलट. पण पुष्कळशीं आपल्याच काश्मीरांतील व हिमाचलांतील असतात, आणि तीं झाडावरून उतरलीं त्या वेळीं आपल्याकडे गणपति-नवरात्राचे दिवस चालू असतात. म्हणजे तोडल्यावर पांच-सहा महिने तीं कोठें तरी मुक्काम करून आलेलीं असतात.

हापूस सहा महिने ठेवून दाखवा, असें रत्नागिरीच्या बागाईतदारास सांगितलें तर तो आपल्याला वेड्यांत काढील. सफरचंदाला हें साधतें. परंतु नेहमींच साधतें असें नाहीं, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. मार्चांत आणलेलें एक फळ दातांखालीं करकर वाजतें आणि रसानें तोंड भरून जातें. त्याच रंगाचें, त्याच भावाचें दुसरें फळ कापावें, तों आंतून पिठूळ, बेचव आणि गाभ्याशीं तपकिरी. घरांतील मंडळी फळवाल्यावर रागावतात, फळवाला शीतगृहाकडे बोट दाखवितो, आणि शीतगृहवाला म्हणतो, "मालच तसा आला होता." या तिघांत शेवटच्याचें म्हणणें बऱ्याच अंशीं खरें असतें, असें या विषयाची थोडी माहिती करून घेतल्यावर मला वाटूं लागलें आहे. कोठारांत फळाचा गुण वाढत नाहीं. बागेंत जेवढा गुण त्यांत उतरला असेल तेवढाच टिकवून धरतां येतो, आणि तोहि फळ बरोबर दिवशीं झाडावरून उतरलें असेल तरच. तें कसें, हें आज सांगावयाचें आहे.

झाडावरून तोडलें कीं फळ मेलें, अशी आपली समजूत असते. वास्तविक तें जिवंत असतें. तें श्वासोच्छ्वास करतें. हवेंतील प्राणवायु घेऊन आपल्या अंगची साखर व आम्ल तें हळूहळू जाळीत असतें, आणि कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जुन्या पुस्तकांतला कर्बाम्ल वायु, पाण्याची वाफ व थोडी उष्णता बाहेर टाकीत असतें. झाडावर असतांना झालेला खर्च पानांकडून भरून येत असे. आतां ती वाट तुटली. घरून शिदोरी घेऊन निघालेल्या वाटसरूसारखी त्याची स्थिति होते. सांठवणीची सारी विद्या म्हणजे त्याला ही शिदोरी सावकाश खावयास लावणें.

आपल्याकडे आंब्याची आढी घालतात, ती पाहिली म्हणजे ही गोष्ट उलट बाजूनें समजते. पेंढ्याच्या थरांत आंबे मांडून वर पेंढा झांकला, कीं आंत ऊब धरते. आंब्यांनीं सोडलेला एक वायु आंतच कोंडून राहतो, आणि चार-आठ दिवसांत सारी आढी घमघमूं लागते. सफरचंदाचें कोठार म्हणजे ही आढी उलटी घातलेली. उबेऐवजीं तेथें थंडी हवी, आणि तो वायु साचूं द्यावयाचा नाहीं. नाशिककडच्या कांद्याच्या चाळीशींहि त्याचें जमत नाहीं. कांद्याला कोरडी, खेळती हवा लागते. सफरचंदाला त्याच हवेंत सुरकुत्या पडतात, कारण त्याच्या वजनांत शेंकडा चौऱ्यांशी-पंचाऐंशी भाग पाणीच असतें.

त्या वायूचें नांव एथिलीन. दिव्यांत जाळावयाच्या वायूमध्यें तो असतो आणि वाटाण्याचे कोंब त्यानें वांकडे वाढतात, हें सेंट पीटर्सबर्ग येथें नेल्युबोव्ह यानें १९०१ सालीं दाखविलें होतें. पण पिकणारें सफरचंद स्वतःच हा वायु तयार करतें, हें १९३४ सालीं केंब्रिज येथील गेन या शास्त्रज्ञानें सिद्ध केलें. एका फळानें तो सोडला कीं शेजारचें पिकूं लागतें, तेंहि सोडूं लागतें, आणि वणव्यासारखें हें सबंध पेटींत पसरतें. दबलेलें, नासकें फळ तर तो अधिकच सोडतें. नासका आंबा आढी नासवतो असें आपण म्हणतों. त्यांत बुरशी पसरण्याचा भाग आहेच; परंतु ज्या फळांना बुरशी लागलेली नाहीं तींहि अकालीं मऊ पडतात, तीं या वायूमुळें.

केंब्रिज येथेंच फ्रँकलिन किड व सिरिल वेस्ट या दोघांनीं १९२० नंतरच्या दशकांत सफरचंदांचा श्वास मोजला. त्यांना असें आढळलें कीं, वाढ पुरी झालेल्या फळाचा श्वास हळूहळू मंदावत जातो, आणि मग एकाएकीं उसळी घेऊन वर चढतो. ही उसळी म्हणजेच पिकणें. ती चढली कीं गोडी येते, वास येतो, फळ खाण्यास योग्य होतें. आणि तेथूनच त्याची उतरण लागते. संत्र्या-मोसंब्यांत अशी उसळी नाहीं, म्हणून तीं तोडल्यावर पिकत नाहींत. आंबा, केळें, चिकू आणि सफरचंद हीं उसळीचीं फळें. तेव्हां जें सफरचंद महिनेच्या महिने ठेवावयाचें, तें उसळीच्या जरा आधीं झाडावरून उतरलें पाहिजे. फार आधीं तोडलें तर त्यांत साखर व सुवास भरलेलाच नसतो, आणि तें कोठारांत सुरकुततें. शिवाय अशा कच्च्या फळांच्या सालीवर पुढें तपकिरी भाजल्यासारखे पट्टे उठतात. उसळीनंतर तोडलें तर कितीहि थंडींत ठेवा, तें धांवत सुटलेल्या गाड्यासारखें उताराला लागलेलें असतें. या दोहोंच्या मध्यें मिळणारे दिवस थोडे. बागाईतदाराचें वर्षाचें उत्पन्न या थोड्या दिवसांवर लोंबकळत असतें.

आतां या फळाच्या देशाविषयीं दोन शब्द. सफरचंदाचें मूळ घर मध्य आशियांतील तिएनशान पर्वताचे उतार, आजच्या कझाकस्तानच्या बाजूस. थंडीच्या देशांतलें हें झाड हिवाळ्यांत खरोखरीच झोपतें, आणि नेहमींच्या जातींना ७ अंश सेल्सिअसखालील थंडीचे हजार-बाराशें तास मिळाल्याखेरीज वसंतांत नीट फुलत नाहीं. महाबळेश्वर कितीहि गार वाटलें, तरी हा हिशेब तेथें जमत नाहीं. थोड्या थंडींत फळणाऱ्या जाती आतां निघाल्या आहेत, आणि हौशी लोकांनीं त्या आपल्या प्रांतांतहि लावल्या आहेत. पण त्यांचीं फळें ऐन उन्हाळ्यांत येतात, तीं ताजीं खावीं. सांठवणीचा विषय निघाला कीं उत्तरेकडेच जावें लागतें.

काश्मीरांत सफरचंद जुनें. तेथील अंबरी जातीचें फळ त्याच्या सुवासासाठीं जितकें नांवाजलेलें, तितकेंच टिकाऊपणासाठीं. शीतगृहांचें नांवहि नव्हतें तेव्हां घरांतल्या गार जागेंत तें हिवाळाभर राहत असे. हिमाचलांत कुलूच्या खोऱ्यांत १८७० च्या सुमारास कॅप्टन ली या इंग्रजानें बाग लावली. पण त्या विलायती आंबट जाती आपल्या लोकांच्या जिभेला रुचल्या नाहींत. पुढचें काम फिलाडेल्फियाचे सॅम्युएल स्टोक्स यांनीं केलें. कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठीं १९०४ सालीं हा तरुण येथें आला, सिमल्याच्या पलीकडे कोटगडला राहिला, असहकारितेच्या चळवळींत तुरुंगांत गेला, आणि पुढें हिंदुधर्म स्वीकारून सत्यानंद झाला. १९१६ सालीं त्यांनीं अमेरिकेंतून डिलिशस जातीचीं रोपें आणून थानेदार येथें लावलीं. गोड, तांबडें, वास येणारें हें फळ आपल्या बाजाराला एकदम मानवलें, आणि त्या डोंगराळ मुलुखाचें दैन्य त्यानें बरेंच हटविलें.

या डिलिशसच्या तांबडेपणानें मात्र एक घोटाळा करून ठेवला आहे. गिऱ्हाइकास लाल फळ आवडतें, म्हणून झाडाची जी फांदी अधिक लाल फळें देईल तिचींच कलमें करीत गेलें. असें करतां करतां हल्लींच्या कित्येक उपजातींचीं फळें पिकण्याच्या पुष्कळ आधींच लाल होतात. चवीकडे तितकें लक्ष राहिलें नाहीं, असें जाणकारांचें मत आहे, आणि माझेंहि आहे. तेव्हां लाल रंग ही पक्वतेची खूण नव्हे. लाल रंगाच्या खालचा, देंठाजवळ किंवा तळाशीं दिसणारा, मूळचा रंग पाहावा. तो गवतासारखा हिरवा असेल तर फळ कोंवळें. पिंवळसर झांक आली असेल तर तें खाण्यास तयार. गर्द पिंवळा पडला असेल तर उतरणीला लागलेलें.

बागेंत टिकाऊपणा कसा येतो, हेंहि थोडें पाहिलें पाहिजे. एक चांगलें फळ पोसावयास तीस-चाळीस पानें लागतात, असा साधारण हिशेब आहे. म्हणून झाडावर फार फळ धरलें तर कांहीं लहानपणींच विरळ करतात. पण विरळणीचा आणि खताचा अतिरेक झाला, विशेषतः युरियासारखें खत सढळ हातानें घातलें, तर फळें भोपळ्यासारखीं फुगतात. दिसावयास भव्य, पण आंतून सैल. याचें मुख्य कारण चुना, म्हणजे कॅल्शियम. फळाच्या पेशींच्या भिंती जोडून धरण्याचें काम तो करतो. जमिनींतून वर चढणारा चुना पानांकडे जास्त जातो, फळाच्या वाट्याला थोडका येतो, आणि फळ जेवढें मोठें तेवढा तो पातळ पसरतो. मग कोठारांत महिना-दोन महिने गेल्यावर सालीखालीं तपकिरी, बुचासारखे कडवट ठिपके पडतात. तोडतांना फळ निर्दोष दिसत होतें, ठिपके कोठारांत पडले, म्हणून दोष कोठाराला मिळतो. पण त्याचें बीज उन्हाळ्यांतच बागेंत पेरलेलें असतें. यावर उपाय म्हणून जाणते बागाईतदार फळ वाढत असतां कॅल्शियम क्लोराइडचें पाणी चार-सहा वेळां फवारतात. आपण पाहुण्यांसाठीं निवडून सर्वांत थोरलीं फळें घेतों. त्याच दिवशीं खावयाचीं असतील तर खुशाल घ्यावीं. ठेवावयाचीं असतील तर मध्यम आकाराचींच घ्यावीं.

कांहीं वर्षांपूर्वीं भाद्रपदांत थानेदारच्या बाजूला एका बागाईतदाराच्या घरीं चार-पांच दिवस राहण्याचा योग मला आला. घराच्या खालीं उतारावर त्याची एक बाग आणि दीड-दोन हजार फूट वर दुसरी. खालची आधीं तयार होते, वरची मागून. मी गेलों तेव्हां खालचा माल दिल्लीस गेलेला होता, आणि वरच्या बागेचा प्रश्न होता. दिल्लीच्या आझादपूर बाजाराचा भाव रोज सकाळीं फोनवर येई, आणि तो रोज थोडा उतरत होता. शेजाऱ्यांनीं तोडणी उरकली होती. कोणी रंग लवकर चढावा म्हणून एथिलीन सुटणारें औषधहि फवारलें होतें. त्यानें रंग चढतो, पण पिकण्याची उसळीहि त्याबरोबर चढते, आणि तें फळ ठेवण्याच्या कामाचें राहत नाहीं. माझ्या यजमानास वरचा माल शीतगृहांत ठेवावयाचा होता. मुलगा म्हणत होता, आजच तोडा.

यजमानानें मला बरोबर घेतलें. बागेच्या निरनिराळ्या भागांतून त्यानें दहा फळें तोडलीं आणि प्रत्येक आडवें कापलें. बिया तपकिरी झाल्या होत्या. मग एका थाळींत आयोडीनचें पाणी ओतून त्यानें त्या फोडी उपड्या ठेवल्या. शाळेंत बटाट्यावर आयोडीन टाकून तो निळा-काळा होतो, हें मीं वर्षानुवर्षें मुलांना दाखविलें होतें. पण त्या प्रयोगावर कोणाच्या घरचें वर्षाचें अन्न अवलंबून असूं शकेल, हें मला ठाऊक नव्हतें. कच्च्या सफरचंदांत पिष्ट भरलेलें असतें. फळ तयार होऊं लागलें कीं त्या पिष्टाची साखर होते, आणि ती गाभ्याकडून सालीकडे होत जाते. फोडी उलटल्या तेव्हां गाभ्याभोंवतीं फुलासारखी पांढरी आकृति उमटली होती आणि बाहेरचा सारा गर काळानिळा होता. "मास्टरजी, अजून पांच-सहा दिवस," यजमान म्हणाला. त्यानें एका स्प्रिंगच्या दांडीनें फळांचा टणकपणाहि मोजला. दांडीचें बोथट टोंक गरांत घुसण्यास किती पौंडांचा दाब लागतो, यावरून तो कळतो. सांठवणीच्या डिलिशसला तो सोळा-सतरा पौंडांच्या आसपास हवा. आकडा बराच वर होता. वाट पाहावयाचें ठरलें.

तिसऱ्या रात्रीं वारा सुटला. पहाटे आम्ही वर गेलों तेव्हां झाडांखालीं फळांचा सडा पडला होता. पडलेलें फळ ठेवण्याच्या कामाचें नाहीं. तें पोत्यांत भरून रस काढणाऱ्या कारखान्यासाठीं कवडीमोलानें गेलें. मुलगा कांहीं बोलला नाहीं; बापहि बोलला नाहीं. उरलेल्या फळांसाठीं त्यानें आणखी दोन दिवस वाट पाहिली, आणि मग तोडणी सुरू केली.

ती तोडणी पाहण्यासारखी होती. फळ ओढावयाचें नाहीं. तळहातांत धरून वर उचलावयाचें व किंचित् पिळावयाचें, म्हणजे देंठासकट सुटतें आणि पुढच्या वर्षीचा डोळा फांदीवर शाबूत राहतो. देंठ तुटला कीं त्या जखमेंतून बुरशी शिरते. पाठीवरच्या निमुळत्या टोपलीला तेथें किल्टा म्हणतात. त्यांत गवत किंवा गोणपाट घालून फळें ठेवीत होते, टाकीत नव्हते. हातभर उंचीवरून पडलेल्या फळावर त्या दिवशीं कांहींच दिसत नाहीं, पण दबलेली जागा दुप्पट श्वास घेऊं लागते आणि महिन्याभरानें तपकिरी होते. दुपारीं ऊन चढल्यावर यजमानानें काम थांबविलें. उन्हांत तापलेलें फळ पेटींत भरलें तर ती उष्णता आंत कोंडते. सफरचंद शून्य अंशाजवळ दहा दिवसांत जेवढें म्हातारें होतें, तेवढें वीस-एकवीस अंशांवर एका दिवसांत होतें, असा साधारण ठोकताळा आहे. म्हणजे झाडाखालीं ढीग करून तीन दिवस ठेवलेल्या फळाचा महिना तेथेंच सरला. पुढें कोठारवाल्यानें त्यासाठीं कितीहि वीज जाळली, तरी तो महिना परत मिळत नाहीं.

आतां कोठारांत काय होतें तें पाहूं. साध्या शीतगृहांत शून्य ते एक अंशापर्यंत थंडी आणि शेंकडा ९० ते ९५ ओलावा राखतात. फळाच्या रसांत साखर असल्यामुळें तें शून्याला गोठत नाहीं. पण उणे दोनच्या आसपास गेलें कीं गोठतें व वायां जातें. मार्ग अरुंद आहे. शिवाय सर्व जातींना इतकी थंडी सोसत नाहीं. इंग्लंडांतील ब्रॅम्ले व कॉक्स या आवडत्या जाती तीन-चार अंशांखालीं ठेवल्या तर आंतून तपकिरी होऊन बसतात. अशा फळांना अधिक थंडी देतां येत नाहीं. मग श्वास मंद कसा करावा? हा प्रश्न पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, अन्नाची टंचाई असतां, त्याच किड व वेस्ट यांच्यापुढें आला.

प्राणवायूवांचून फळ पिकत नाहीं, हें फ्रान्समधील माँपेलिए येथील बेरार यानें १८२१ सालींच दाखविलें होतें. पण शंभर वर्षें त्याचा व्यवहारांत कोणी उपयोग केला नाहीं. किड व वेस्ट यांनीं हवाबंद खोलींत सफरचंदें ठेवलीं आणि फळांच्याच श्वासानें आंतला प्राणवायु उतरूं दिला व कर्बाम्ल वायु चढूं दिला. दोन्ही गोष्टींनीं श्वास मंदावला आणि फळें कितीतरी अधिक टिकलीं. १९२९ सालीं केंटमधील एका बागाईतदारानें अशी पहिली व्यापारी कोठी बांधून तींत ब्रॅम्ले सफरचंदें ठेवलीं. आज 'नियंत्रित हवेचीं' म्हणून जीं कोठारें काश्मीरांत पुलवामाजवळ लासीपोरा येथें आणि हिमाचलांत सिमल्याच्या बाजूला उभीं आहेत, तीं त्याच कोठीचीं नातवंडें. आपल्या हवेंत शेंकडा २१ भाग प्राणवायु असतो. तेथें नायट्रोजन सोडून तो दोन-तीन भागांवर आणतात, आणि कर्बाम्ल वायूहि तितकाच राखतात. जास्त झालेला शोषून घेण्यास कांहीं ठिकाणीं चुन्याच्या गोणी ठेवतात. चुन्याच्या निवळींत फुंकर घातली कीं ती दुधाळ होते, हा शाळेंतला प्रयोग आपणांस आठवत असेल, तोच हा. दारें बंद झालीं कीं महिनेच्या महिने तीं उघडत नाहींत. अशा खोलींत माणूस शिरला तर एक-दोन श्वासांतच बेशुद्ध होऊन पडतो. सफरचंद जेथें सुखानें झोपतें, तेथें आपण मरतों. म्हणून दारावर इशारा असतो आणि आंतील फळें खिडकीच्या कांचेंतून पाहतात.

अलीकडे आणखी एक साधन आलें आहे. अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलायना येथें सिस्लर व ब्लँकनशिप यांनीं १९९० नंतरच्या दशकांत असा एक वायु शोधून काढला, कीं तो फळाच्या पेशींत एथिलीनची जी जागा ती आधींच अडवून बसतो. कुलपांत मोडकी किल्ली अडकवून ठेवली म्हणजे खरी किल्ली लागत नाहीं, तसेंच हें. पण येथेंहि तीच अट आहे: उसळी चढल्यावर हें औषध फारसा गुण देत नाहीं. आणि पांच बागांचा, पांच दिवसांच्या अंतरानें तोडलेला माल एकाच खोलींत भरला, तर त्यांतला सर्वांत पिकलेला बाकीच्यांना आपल्याबरोबर ओढतो.

मुख्य अडचण अशी कीं, हें सारें महाग आहे. ज्याच्याजवळ थोडीं झाडें, त्याला सबंध खोली भरतां येत नाहीं. घरांत पैशाची नड असते, म्हणून तो हंगामाच्या ऐन गर्दींत विकतो, आणि मार्चांत आपण जो चढा भाव देतों त्यांतील बराच वांटा ज्याच्यापाशीं थांबण्याची ऐपत होती त्याला मिळतो. आणि थांबावयाचेंच नाहीं असें ठरवून माल पाठविला, तरी रस्ता असला पाहिजे. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत दरडी कोसळून जम्मू-श्रीनगर रस्ता बंद पडला, आणि सफरचंदांनीं भरलेल्या मालमोटारी दिवसेंदिवस वाटेंत उभ्या राहून आंतला माल नासला. त्याच सप्टेंबरांत बडगामहून दिल्लीस सफरचंदें नेण्यासाठीं रेल्वेनें गाडी सुरू केली. गाडीच्या तपशिलांत मी शिरत नाहीं. परंतु ताडपत्रीखालीं तापत उभ्या असलेल्या त्या पेट्यांत कित्येक बागांचें वर्ष संपलें, हें विसरतां येत नाहीं.

माझ्या यजमानाचें पुढें काय झालें, असें आपण विचाराल. फेब्रुवारींत खोली उघडली तेव्हां फळ टणक व रसाळ निघालें आणि भावहि चांगला आला. पण कोठाराचें भाडें व वाऱ्यानें पाडलेला माल वजा जातां, शेजाऱ्यांहून त्याच्या हातीं फारसें जास्त उरलें नाहीं, असें त्यानें फोनवर सांगितलें. पुढल्या वर्षींहि थांबणार का, असें मीं विचारलें. तो म्हणाला, "आयोडीन काय म्हणतें तें पाहूं."

आतां घरच्यापुरतें थोडें. टोपलींत शोभेसाठीं मांडून ठेवलेलें सफरचंद आपल्याकडच्या हवेंत आठवड्याभरांत पिठूळ होतें. तें शीतकपाटांतच ठेवावें, आणि तेथेंहि बारीक भोंकें पाडलेल्या पिशवींत, म्हणजे सुरकुतणार नाहीं. ठेवण्यापूर्वीं धुऊं नये, खातांना धुवावें. सालीवरची चकाकी पाहून पुष्कळ लोक घाबरतात. सफरचंदाला मूळचेंच मेण असतें. धुतांना तें थोडें जातें, म्हणून कांहीं ठिकाणीं खाण्यास निर्धोक असें मेण पुन्हां लावतात. कोमट पाण्यानें चोळून धुतलें कीं पुरे. दबलेलें फळ आधीं खावें किंवा वेगळें काढावें. सफरचंदें कोथिंबीर-पालकाच्या शेजारीं ठेवूं नयेत. त्यांच्या वायूनें पानें पिंवळीं पडतात आणि गाजरें कडवट होतात. आणि एखादें फळ मऊ पडून कोणी खाईनासें झालें, तर तें लगेच फेंकूं नये. कच्च्या केळ्यांची फणी किंवा टणक चिकू कागदी पिशवींत घालून त्यांच्या सोबतीला तें ठेवावें. दोन-तीन दिवसांत केळीं पिंवळीं होतात.